कापडाखालची मांडी

रिटायर झाल्यावर माणसानं आराम करावा असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्याले सून नसन, अन् असली तर तिच्यापाशी कॅमेरा नसन. मी रुपराव. जिंदगीभर एसटीच्या वर्कशॉपात फिटर होतो, अन् आता नागपूरच्या नंदनवनात मायाच घरी परदे टांगायच्या ड्यूटीवर आहो. पगार नाही, सुट्टी नाही, अन् वरून साहेब म्हणजे मायी सून उन्नती. "बाबा, उजवीकडे चुणी पडली." "बाबा, खालचा कोपरा दिसून राहिला." दिवसभर हेच. मी कुरकुर करतो अन् शिडीवर चढतो.

आमची पुढची खोली काही मोठी नाही. तिथं पहिले दिवाण होता, टीव्ही होता, अन् दुपारी पंख्याखाली झोपायचा माया हक्क होता. आता दिवाण मधल्या खोलीत, टीव्ही मायी बायको कौसल्या हिच्या उशाशी, अन् पुढच्या खोलीत उन्नतीचा स्टुडिओ. ती लहान लेकरांचे फोटो काढते. मायबाप कारमधून उतरतात, सोबत आजी, मावशी, दुधाच्या बाटल्या, डायपरची थैली. चपलांचा दारात असा ढीग करतात का मलेच माया घरात जाता येत नाही. मंग लेकराले लोकरीची टोपी घालून टोपलीत निजवतात. नागपूरचा मे महिना, बाहेर डांबर वितळून राहिलं, अन् लेकराच्या डोक्यात लोकरीची टोपी. मी एकदा बोललो तर उन्नतीनं मले डोळे दाखवले.

पण काम हातात घेतलं का मी ते अर्धवट सोडत नाही. फोटोचा परदा टांगणं म्हणजे खिडकीले पडदा लावणं नव्हे. कापड वरून सोडलं का भिंतीवरून खाली येऊन फरशीवर पसरलं पाहिजे, अन् जिथं भिंत अन् फरशी मिळते तिथं गोल वळलं पाहिजे. मंग फोटोत कोपरा दिसत नाही, लेकरू कुठं बसलं हे कळत नाही. कापडाची घडी घालायची नाही, पाइपावर गुंडाळून ठेवायचं, नाही तर घडीची रेघ इस्त्रीनंही जात नाही. अन् आमच्या खिडकीत कूलर. तो ट्रॅक्टरसारखा घरघर करून राहते अन् त्याच्या हवेनं कापड फडफडते. दोन्ही बाजूंनं चिमटे लावा, खालच्या काठाखाली विटा सरकवा. एवढं सगळं जमलं का लेकरू त्याच्यावर मुतते. मंग दुसरं कापड काढा.

सुरवातीले उन्नतीपाशी दोन स्टँड होते, लोखंडी, तीन-तीन पायांचे. त्याच्यावर आडवा पाइप अन् पाइपावर कापड. एक दिवस वाढदिवसाच्या पोट्ट्यानं कापड ओढलं अन् सगळा डोलारा खाली आला. लेकराले लागलं नाही, पाइप त्याच्या बाजूनं पडला. मी म्हणलं, आता फरशीवर काही उभं करायचं नाही. पाइप वरूनच टांगतो.

आता वर काय होतं, तर कड्या होत्या. छताच्या स्लॅबमध्येच बसवलेल्या, पाळण्याच्या. घर बांधलं तवा रोशन पोटात होता, अन् कौसल्यानं मिस्त्र्याच्या मांगं लागून त्या कड्या बसवून घेतल्या. रोशनचा पाळणा तिथंच हालला. नंतर पाळणा माळ्यावर गेला, पण कड्या तिनं दुसऱ्या कोणत्या कामाले लागू देल्या नाही. मी एकदा पावसाळ्यात कपडे वाळवायले तिथं दोरी बांधली, तर बाईनं मले जेवण वाढलं, पण शब्द बोलली नाही. रोशनचं लग्न झाल्यापासून तर घरातले जाळे काढतानी ती त्या कड्या फडक्यानं पुसत होती अन् तेलाचं बोट लावत होती. गंज चढू नाही म्हणून.

रोशन अन् उन्नतीले लेकरू झालं नाही. सरळ सांगतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे. धंतोलीच्या डॉक्टरकडे खेटे झाले, सुया झाल्या, दोनदा दिवस राहिले, पण टिकलं नाही. पोरगी वाळून काडी झाली. शेवटी एक दिवस जेवतानी रोशन म्हणला, "आई, बाबा, आता बस. आम्ही दोघांनं ठरवलं, आता दवाखाना नाही." रोशन मिहानमध्ये विमानं दुरुस्त करते, कमी बोलणारं पोरगं, एवढं बोलतानीच त्याले घाम फुटला. उन्नती मान खाली घालून भाताचे शितं मोजल्यासारखी बसली होती. कौसल्यानं आपलं ताट उचललं, घासलं, पालथं घातलं. त्या दिवसापासून या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. बरंही नाही अन् वाईटही नाही.

हे न बोलणंच उन्नतीले खात होतं. "आईनं शिव्या देल्या असत्या तर परवडलं असतं बाबा," असं ती मले म्हणे. तिचं माहेर पारशिवनीकडचं, घरात सगळे मोठ्यानं बोलणारे, भांडण झालं तर आंगणात होते अन् चहापर्यंत मिटते. आमच्या घरचा हा मुका कारभार तिले झेपत नव्हता. तिले पक्कं वाटत होतं का सासूनं नातवाची आस धरली होती, अन् ती आपल्यापायी तुटली. मलेही तेच वाटत होतं. दुसरं काय वाटणार? कड्यांले तेल लावताना पाहिलं होतं न मी.

म्हणून पाइप टांगायची गोष्ट निघाली तवा कड्यांचं नाव मी काढलं नाही. उन्नतीनंही मले बजावलं, "काहीही करा बाबा, पण त्या कड्यांले हात लावू नका." मी ड्रिल मशीन मागून आणली अन् भिंतीत छेद पाडायले लागलो. आमची भिंत जुनी, छेद कमी अन् प्लास्टरचे ढपले जास्त. तेवढ्यात कौसल्या बजारातून भाजीची थैली घेऊन आली. दारातच उभी राहून पाहत राहिली.

"काय करून राहिले जी?"

"परद्याचा पाइप लावून राहिलो."

"मंग भिंत काहून फोडून राहिले? वर कड्या आहेत न."

एवढं बोलून ती भाजी घेऊन आत गेली. मी शिडीवर तसाच, मशीन हातात. उन्नती टोपली पुसत होती, तिच्या हातातलं फडकं थांबलं. मले वाटलं, चला, सुटलं एकदाचं. तर पोरगी उठून बाथरूममध्ये गेली अन् नळ सुरू करून रडत राहिली. नळ काही बंद होईना, म्हणून मी दार वाजवलं. लाल डोळे घेऊन बाहेर आली.

"आईनं आस सोडली बाबा," म्हणे. "कड्या देऊन टाकल्या मले."

मी म्हणलं, "टाकी रिकामी होईन, नळ नीट बंद कर." मले असंच बोलता येते. मंग शिडीवर चढून साखळीनं पाइप त्या कड्यांत अडकवला. हालवून पाहिला, मजबूत होता.

त्याच उन्हाळ्यात मोनाली आली. मांगच्या गल्लीतली पोरगी, नवरा दुबईले कामाले, तिले लेकराले घेऊन तिकडे जायचं होतं. तीन महिन्यांचं लेकरू अन् त्याच्या पासपोर्टसाठी फोटो पाहिजे. पासपोर्टवाल्यांचा कायदा कडक. मांगं पांढरं, तोंड समोर, डोळे उघडे, अन् फोटोत दुसऱ्या कोणाचा हात दिसायले नाही पाहिजे. आता तीन महिन्यांचं लेकरू कुठं बसते? त्याची मान धरायची पंचाईत. उन्नतीले यातली तोड ठाऊक होती. मायनं स्टुलावर बसायचं अन् मांगचं पांढरं कापड तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, मांडीवर सोडायचं. लेकरू कापडावर बसवायचं अन् तिनं कापडाखालून त्याची पाठ धरायची. फोटोत लेकरू सरळ बसलेलं दिसते अन् माय दिसतच नाही, ती मांगच्या पांढऱ्यात जिरून जाते.

मोनालीले बसवलं. तर लेकराले मायच्या दुधाचा वास. ते समोर पाहायले तयार नाही, तोंड वळवून कापडच चोखून राहिलं. उन्नतीनं खुळखुळा वाजवला, मी टाळ्या वाजवल्या, काही नाही. मंग उन्नतीनं माह्याकडे पाहिलं. बसलो बाप्पा मी कापडाखाली. त्या लेकरानं असं भोंगं पसरलं का समोरच्या घरचे गॅलरीत आले. उन्नती म्हणे, तुमच्या अंगाले तंबाखूच्या खर्र्याचा वास येते. मी सकाळपासून एकच खर्रा खाल्ला होता, पण कोण ऐकते.

तवा कौसल्या स्वयंपाकघरातून आली. पदराले हात पुसले अन् मले म्हणली, "सरा." मी सरलो. ती स्टुलावर बसली, पाय नीट जुळवले, मांडी सपाट केली. "टाका कापड."

मी उन्नतीकडे पाहिलं. तिचं तोंड उतरलं होतं. पण मोनाली समोर उभी, लेकरू रडून लाल झालेलं, तिथं काय बोलणार? मी कापड सोडलं, चिमटे लावले. मोनालीनं लेकरू वर ठेवलं अन् खालून कौसल्याच्या हातांनं त्याले धरलं. लेकरानं दोन हुंदके देले अन् गप झालं. समोर असं पाहायले लागलं जसा तहसीलदार अर्ज ऐकून राहिला. उन्नतीनं पटापट फोटो काढून घेतले.

तवापासून हे कामच झालं. उन्नती तिले बोलवत नव्हती, कधीच नाही. पण पुढच्या खोलीत लेकरू रडलं का कौसल्या आपली येई, स्टुलावर बसे अन् "टाका" म्हणे. मंग नुसते पासपोर्टवालेच नाही, ज्या लेकराले बसता येत नाही त्या सगळ्यांचे फोटो तसेच निघायले लागले. गुलाबी कापड, निळं कापड, फुलांचं कापड, अन् त्याच्याखाली कौसल्या. लोक त्या फोटोचे मोठे फ्रेम करून भिंतीवर लावतात. नंदनवनातल्या कितीतरी घरात मायी बायको भिंतीवर आहे अन् कोणाले पत्ता नाही. मले तर एखाद्याच्या घरी चहाले गेलो अन् तसा फोटो दिसला का हसू येते.

पण दोन गोष्टी माया ध्यानात आल्या, कारण कापड काढायचं काम मायंच. कापड उचललं का कौसल्याचे डोळे ओले असत. अन् दुसरं म्हणजे कापडाखाली ती काहीतरी बोलत राही. तोंडापाशी कापड हालतानी दिसे, पण कूलरच्या घरघरीत एक शब्द ऐकू येत नव्हता.

एकदा मी विचारलंच. "रडून काहून राहिली होती वं?"

"घाम होय तो. तुम्ही बसा कापडाखाली, मंग समजन."

"अन् बोलते काय?"

"लेकराशी बोलतो. तुमच्याशी बोलून काही फायदा आहे का?"

तिच्याशी वाद घालून मी आजवर जिंकलो नाही.

उन्नतीच्याही ध्यानात आलंच होतं. तिचं तर कामच बारीक पाहायचं. एका दुपारी तिनं मले कॉम्प्युटरपाशी बोलावलं अन् एक फोटो मोठा करून दाखवला. गुबगुबीत पोरगी, फुलांचं कापड, सगळं झ्याक. पोरीच्या डोक्याच्या वर, कापडावर, एक ओला डाग. उन्नतीनं दुसरा फोटो उघडला, त्यातही तसाच डाग, त्याच जागी. मंग तिसरा.

"हे मी दर वेळी पुसतो बाबा," ती म्हणली. "घाम असा एकाच जागी येते का?"

ती खुर्चीत तशीच बसून राहिली, स्क्रीनवरची ती पोरगी आमच्याकडे पाहून हसत होती.

"ज्या मांडीवर मायं लेकरू पाहिजे होतं, त्या मांडीवर मी रोज परक्यांचं आणून ठेवतो," ती म्हणली. "कोणती सून असं करते? त्या रडतात अन् मी फोटो काढतो. नाही होत आता माह्याच्यानं. जगनाडे चौकापाशी स्टुडिओसाठी एक गाळा पाहून ठेवला मी. रविवारी नूपुरच्या लेकराचं शूट आहे, ते झालं का पाइप काढून टाका. आईले काही सांगू नका, मीच सांगीन."

मी बरं म्हणलं. मले दिवाण वापस मिळणार होता, पंखा मिळणार होता, दारातल्या चपला जाणार होत्या. खुश व्हायले पाहिजे होतं. पण मले काही गोड लागेना. या दोघीत बोलणं तसंही किती होतं? "लेकरू द्या", "कापड टाका", "झालं का". तेवढ्यासाठी तरी दोघी एका खोलीत येत होत्या. गाळा घेतला का उन्नती सकाळी जाईन अन् अंधार पडल्यावर येईन, अन् कौसल्या घरात एकटी भिंती पाहत बसन. रोशनले सांगतलं तर तो म्हणे, तिच्या मनासारखं होऊ द्या बाबा. तो दोघींच्या मध्ये दळल्या जात होता.

रविवारी नूपुर आली. महाल भागाकडची, शिकलेली, गोड बोलणारी. लेकराचं नाव केयूर, चार महिन्यांचं, गालाचे नुसते लाडू. "काका, सासूबाईंनी सांगितलंय, मागे पांढरं नको आणि काळंही नको," असं तिनं दारातच मले सांगतलं. आता आमच्याकडे पांढरं म्हणजे मंगलकार्याचं, आमच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात असतात. पण ज्याचं त्याचं. उन्नतीनं सकाळीच पिवळं कापड इस्त्री करून ठेवलं होतं. मी ते टांगलं. शेवटचं टांगून राहिलो हे ठाऊक होतं, म्हणून एक चुणी राहू देली नाही. कौसल्याले यातलं काही माहीत नव्हतं. केयूरनं कुरकुर सुरू केली अन् ती आली, बसली, म्हणली, "टाका."

मी कापड टाकलं, चिमटे लावले, नूपुरनं लेकरू वर ठेवलं. उन्नतीनं कॅमेरा डोळ्याले लावला. अन् तेवढ्यात लाइन गेली.

लाइट बंद, पंखा बंद, कूलर घरघर करत करत थांबला. "खिडकीचा उजेड आहे," उन्नती हळूच म्हणली, "लेकरू छान बसलं, काढून घेतो." मी दाराचा पडदा बाजूले केला. खोलीत अशी शांतता झाली का भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायले लागलं. कौसल्याले कानानं कमी ऐकू येते, कूलर बंद झाला हे तिच्या ध्यानात आलं नाही. कापडाखालून तिचा आवाज चालूच होता, साफ, आमच्या तिघांच्या कानावर.

"हाव राजा, समोर पाह्य. ते दिसते न, डोळ्याले काळं यंत्र लावून उभी, ते उन्नती होय. मायी सून. नाव ध्यानात ठेवजो. लय गुणाची पोरगी आहे रे. तुयासाठी सकाळपासून हे कापड इस्त्री करत होती. तिले लेकरू नाही. लय सोसलं तिनं, दवाखान्यात हाताच्या शिरा काळ्या पडल्या होत्या तिच्या. मी काही लय दिवस पुरत नाही तिले. हा म्हातारा तर त्याहून कमी पुरन. मंग तिचं कोण? म्हणून तुले सांगून ठेवतो. तू मोठा होशीन, गाडीवर हिंडशीन. नंदनवनातून गेला का या दारात थांबजो. मावशी, बरी आहे का, एवढं विचारजो. तिले दवाखान्यात न्यायचं असन तर नेजो. मोनालीच्या पोराले सांगतलं मी. त्या जुळ्या पोरींले सांगतलं. आता तुले सांगतो. मायाच मांडीवर बसले तुम्ही सगळे, नाही म्हणू नका. आमची उन्नती एकटी पडली नाही पाहिजे."

नूपुरनं तोंडावर हात धरला होता. मी शिडीचा दांडा पकडून भिंतीकडे तोंड केलं. मायं वय झालं, मले लोकांसमोर रडता येत नाही. उन्नतीनं कॅमेरा खाली केला. मंग गळ्यातून पट्टा काढला, कॅमेरा माया हातात देला, अन् बाजूचा चिमटा काढून कापडाखाली शिरली.

पिवळ्या कापडात दोन डोके दिसायले लागले. केयूर वर बसून टुकूटुकू मलेच पाहत होता.

"अवं, काय करून राहिली? फोटो कोण काढन?" कौसल्याचा आवाज.

"आई," उन्नती म्हणली. "मले वाटलं तुम्ही माह्यावर नाराज आहा. नातू देला नाही म्हणून."

मले वाटलं कौसल्याले ऐकूच गेलं नाही.

"नाराज?" ती म्हणली. "नातू मले किती दिवस पाहायले भेटला असता वं? माये दिवस सरले. तुये पडले आहेत सगळे. मले झोप लागत नाही, का मी गेल्यावर या पोरीनं तापात पाणी मागतलं तर देईन कोण? रोशन आहे, पण माणसाचं काय सांगता येते? तुयाशी हे कसं बोलू? बोललं का तुयी जखम उकरल्यासारखं होते. म्हणून तोंड बंद ठेवलं. अन् लेकरांले सांगत होतो."

"तुम्ही रडत होत्या, मी रोज पाहत होतो."

"रडू येते मंग. तुया काळजीनं येते."

उन्नती रडायले लागली. बाथरूमच्या नळाआड रडते तशी नाही, मोकळी, पारशिवनीवाल्यासारखी मोठ्यानं. कापड हालायले लागलं, केयूर वर डुलायले लागला. नूपुर धावली, पण खालून चार हात त्याच्याभोवती आले, दोन सुरकुतलेले अन् दोन बांगड्यांचे, अन् ती जागीच थांबली. तिचेही गाल ओले झाले होते. माया हातात कॅमेरा होता. कोणतं बटण दाबायचं ते मले ठाऊक नाही, पण मी एक दाबलं.

"आई," हुंदके देत उन्नती म्हणली, "आता मी चौकात दुकान कसं घेऊ? तुम्ही तर सगळ्यांले याच दाराचा पत्ता देऊन ठेवला."

"पहिले लेकरू नीट धर," कौसल्या म्हणली, "मंग सांग, कोणतं दुकान."